पाणी कुठवर येतं?

सांगलीत घर बघायला गेलं की भाडं, उजेड, वारा यांच्याआधी एक प्रश्न विचारला जातो : पाणी कुठवर आलं होतं? घरमालकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो, २००५ ला इथवर. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर ही नावं कानावर पडली की आमच्याकडची माणसं मनातल्या मनात पायऱ्या मोजायला लागतात. मी या प्रश्नातच लहानाची मोठी झाले. तरी टोकियोत घर शोधताना पहिले तीन आठवडे मला तो एकदाही सुचला नाही.

आम्ही निघालो तेच महापुराच्या चिखलातून. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माहेरचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. आई आणि आप्पा मिरजेला आत्याकडे जाऊन राहिले. पाणी उतरल्यावर मी आणि माझा नवरा पुण्याहून गेलो, आठ दिवस गाळ उपसला, भिजलेली गाद्या-कपाटं रस्त्यावर आणून टाकली. नवऱ्याची टोकियोची बदली जूनमध्येच ठरली होती. गणपती त्या वर्षी दीड दिवसाचाच बसवला, आणि ७ सप्टेंबरला, शनिवारी, आम्ही तिघं टोकियोत उतरलो. लेक सहा वर्षांची.

कंपनीनं मोन्झेन-नाकाचो या भागात दीड महिन्यासाठी सामानासकट छोटा फ्लॅट दिला होता. तेवढ्या काळात आपलं घर शोधायचं. उतरल्यावर दुसऱ्याच रात्री १५ नंबरचं वादळ आलं (जपानी लोक वादळांना नावांपेक्षा नंबरांनी जास्त ओळखतात). रात्रभर खिडक्या थडथडत होत्या आणि सोमवारी सकाळी लोकल बंद. आम्ही ते पाहुण्यासारखं पाहिलं. हे आपलं गाव आहे, असं अजून मनात आलंच नव्हतं.

आमची यादी साधी होती. नवऱ्याचं ऑफिस ओतेमाचीला, तिथवर एका गाडीत जाता यावं. लेकीला शाळा चालत जाण्याइतकी जवळ असावी. भाडं दीड लाख येनच्या आत. आणि मी दिवसभर घरी असणार, मला जपानी येत नाही, तेव्हा चार शब्द बोलायला कुणीतरी असावं. हा शेवटचा मुद्दा मी यादीत चौथा लिहिला होता. आता वाटतं तो पहिला असायला हवा होता, कारण ऑफिसला जाणारा माणूस वस्तीत फक्त झोपायला येतो. वस्ती खरी कुणाची, तर जो दुपारी तीन वाजता तिथे असतो त्याची.

टोकियोत घर शोधण्याची पद्धत आपल्यापेक्षा फार वेगळी. एजंटच्या दुकानात खुर्चीवर बसायचं, तो कागद काढून देतो. कागदावर घराचा नकाशा, खोल्यांचं माप तातामी चटयांच्या हिशेबात, इमारत कधी बांधली त्याचं साल आणि स्टेशनपासून किती मिनिटं. ही मिनिटं कुणी घड्याळ लावून मोजलेली नसतात. ८० मीटर म्हणजे एक मिनिट, असा ठरलेला हिशेब आहे. सिग्नल, जिना, हातात लेकीचा हात आणि भाजीची पिशवी, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. आम्ही पहिल्या आठवड्यातच कागदावरच्या आकड्याला दीडपट करायला शिकलो. इमारतीचं साल मात्र जपून वाचायचं. जून १९८१ मध्ये भूकंपासाठीचे बांधकामाचे नियम कडक झाले, त्यामुळे त्यानंतरची इमारत आहे ना, हे इथला शाळकरी पोरगाही विचारतो.

आणि पैसे. शिकिकिन म्हणजे अनामत. रेइकिन म्हणजे मालकानं घर दिलं म्हणून त्याला द्यायचे आभाराचे पैसे, जे परत मिळत नाहीत. एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि त्यावर कर, जो १ ऑक्टोबरला ८ टक्क्यांवरून १० टक्के होणार होता. जामीनदार नसेल तर हमी कंपनीची फी. आगीचा विमा. कुलूप बदलायचे पैसे. एक लाख तीस हजार भाड्याच्या घरासाठी किल्ली हातात येईपर्यंत सहा लाखांच्या वर येन लागणार होते. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आभाराचे पैसे? घर तुम्ही वापरणार, भाडं तुम्ही देणार, आणि वर आभार पण तुम्हीच मानायचे?"

त्याहून जड गेलं ते वेगळंच. आवडलेलं घर दाखवलं की एजंट मालकाला आमच्यासमोरच फोन लावायचा. तो काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण 'गाईकोकुजिन', परदेशी, हा शब्द ओळखता यायला लागला होता. तो शब्द आला की पलीकडून थोडी शांतता, मग एजंट फोनलाच मान लववून ठेवायचा आणि आम्हाला म्हणायचा, सॉरी. असं पाच वेळा झालं. एका ठिकाणी मालकिणीनं कारणही सांगितलं : मसाल्याचा वास भिंतींत राहतो. लेक विचारायची, आई, ते घर आपल्याला का नको? मी सांगायची, आपल्याला नको नाही, त्यांना नको. नंतर कळलं, जपानच्या कायदा मंत्रालयानं २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांची पाहणी जाहीर केली होती, आणि घर शोधलेल्यांपैकी जवळजवळ ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. तो आकडा वाचून दुःख कमी झालं नाही, पण आपलंच काही चुकलं का, हा विचार थांबला.

वस्त्या आम्ही चार बघितल्या. शिबुया वॉर्डातला हिरोओ, जिथे वकिलाती आहेत, परदेशी साहेब लोक राहतात, दुकानात इंग्रजी बोलतात. एका फेरीत परत आलो, भाडं ऐकूनच. दुसरं मुसाशी-कोसुगी, तामा नदीच्या पलीकडे कावासाकीत. तिथे उंचच उंच नवे मनोरे, विसाव्या मजल्यावरच्या घरात एवढा उजेड की मी तिथेच देवघराची जागा ठरवली. भाडं बसत नव्हतं, पण मन तिथे अडकलं होतं.

तिसरं मिताका आणि चौथं निशिकासाई. ही दोन्ही एकाच तोझाई लोकलवर, ओतेमाचीच्या दोन विरुद्ध बाजूंना. एक गाडी पश्चिमेला मिताकापर्यंत सरळ जाते, उलट दिशेची पूर्वेला निशिकासाईवरून जाते. पश्चिमेला मुसाशिनोचं पठार, समुद्रापासून पन्नासएक मीटर उंच, जुनी झाडं, जवळ इनोकाशिरा बाग. पूर्वेला आराकावा नदी ओलांडली की एदोगावा वॉर्ड. मिताकाहून ऑफिसला पाऊण तासाच्या आसपास, निशिकासाईहून वीस मिनिटांच्या आत. मिताकात मी दोन दिवस दुपारी एकटी फिरले. फार देखणा भाग. दोन्ही दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नाही, मीही कुणाशी बोलू शकले नाही. संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तू इथं रात्री नऊला येशील. मी सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कुणाशी बोलू?"

निशिकासाईला पहिल्यांदा उतरलो तो रविवार होता. स्टेशनबाहेरच्या चौकात तीन आज्या बाकावर बसल्या होत्या, त्यातल्या एका आजीनं नऊवारी नाही पण सहावारी अगदी आपल्यासारखी नेसलेली. मी उगीचच त्यांच्याजवळून दोनदा गेले. या भागाची गोष्ट अशी की चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी १९७० च्या दशकाच्या शेवटी इथे राहायला आले. मग २००० सालच्या संगणकांच्या अडचणीसाठी भारतातून इंजिनिअर यायला लागले, त्यांना घरं मिळेनात, तेव्हा चंद्रानींनी त्यांना राहायला जागा, जेवायला जागा यासाठी धडपड केली. तिथून हे वाढत गेलं. आम्ही गेलो तेव्हा वॉर्डात चार हजारांहून जास्त भारतीय होते. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. दुकानात तूरडाळ, जाड पोहे, बेसन, कढीपत्ता सगळं. भारतीय शाळाही जवळ. ग्योसेन बागेत फुकटचं छोटं प्राणिसंग्रहालय, लेक तिथून हलायला तयार नव्हती.

नवऱ्यानं एक शहाणपण केलं, ते इथे सांगायलाच हवं. तो म्हणाला, रविवार बघून घर घ्यायचं नाही. सोमवारी सकाळी आठला आम्ही दोघं निशिकासाई स्टेशनवर उभे राहिलो. तोझाई लोकल टोकियोतल्या सगळ्यात दाटीच्या गाड्यांपैकी. किबा ते मोन्झेन-नाकाचो या पट्ट्यात तेव्हा सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली होती. जलद गाड्या निशिकासाईला थांबतही नाहीत, समोरून निघून जातात. डब्यात शिरल्यावर माझे हात अंगाला चिकटले ते ओतेमाचीपर्यंत. पण मुंबईची लोकल पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच जाणवते, इथे कुणी ढकलून शिव्या देत नाही, सगळे श्वास धरून उभे असतात. वीस मिनिटं सोसता येतील, असं नवऱ्यानं ठरवलं. मग पुन्हा रात्री दहाला जाऊन आलो, स्टेशनपासून घरापर्यंतच्या गल्लीत उजेड किती, बायका एकट्या चालतात का, ते बघायला. चालतात. शाळकरी मुलीही क्लासहून एकट्या येतात.

सप्टेंबरअखेर स्टेशनच्या उत्तरेला एक घर पसंत पडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पहिला मजला, मालकाला भारतीय चालत होते. अर्ज भरला. हमी कंपनीचा होकार यायचा होता.

त्याच आठवड्यात दुकानात पोहे घेताना एका वहिनींची ओळख झाली. इचलकरंजीच्या, बारा वर्षं इथे. माझं माहेर सांगली म्हटल्यावर त्यांनी पिशवी खालीच ठेवली. "घर भिजलं का हो तुमचं?" दोघी तिथेच उभ्या राहून पुरावर बोललो. मग त्यांनी विचारलं, इथे घर कुठे घेताय? मी पत्ता सांगितला. त्या एकदम म्हणाल्या, "अगं, सांगलीची पोरगी ना तू? नकाशा बघितलास का?"

मला दुपारी त्यांनी घरी नेलं. चहा ठेवला आणि ड्रॉवरमधून एक मोठा घडीचा कागद काढला. एदोगावा वॉर्डानं मे २०१९ मध्ये घरोघरी पाठवलेला पुराचा नकाशा. पहिल्याच पानावर वॉर्डाचं चित्र आणि त्यातून बाहेर जाणारे बाण : चिबाकडे, सायतामाकडे, कानागावाकडे. आणि वॉर्डाच्या जागी जपानीत एक ओळ. वहिनींनी बोट ठेवून वाचून दाखवली, "इथं थांबून चालणार नाही."

मी त्यांना परत वाचायला लावलं. सरकारी कचेरी आपल्याच लोकांना लिहून कळवते आहे की मोठं पाणी आलं तर या वॉर्डातच राहू नका. आतल्या पानांवर कुठे किती मीटर पाणी चढेल त्याचे रंग. काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत. काही ठिकाणी ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकेल. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या समुद्रापेक्षा खाली आहे. गेल्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी आणि वायू उपसला, तशी जमीन खचत गेली. शेजारच्या कोतो वॉर्डात ती साडेचार मीटरपर्यंत खाली गेलेली आहे. पुराचा धोका एकट्या एदोगावाला नाही, पूर्वेकडच्या पाच वॉर्डांना मिळून आहे, आणि त्यात २५ लाखांच्या आसपास माणसं राहतात. आम्ही दीड महिना ज्या मोन्झेन-नाकाचोत राहत होतो, ते कोतोतच.

आराकावा मी रोज लोकलच्या पुलावरून पाहत होते. अर्धा किलोमीटर रुंद, शांत, काठावर मुलं बेसबॉल खेळतात. ती मुळात माणसांनी खणलेली नदी आहे. १९१० च्या महापुरानंतर पाणी शहराबाहेरून काढायला हे पात्र खोदलं आणि १९३० मध्ये पुरं केलं. नदी शहरातून वाहते एवढंच मला दिसलं होतं. ती आमच्या होणाऱ्या घराच्या वरून वाहते, हे त्या कागदानं दाखवलं.

राग आला तो एजंटचा. भूकंपाचं साल त्यानं आपणहून सांगितलं, कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते सांगितलं, नदीबद्दल एक अक्षर नाही. त्या वेळी ते सांगणं त्याच्यावर बंधनकारकच नव्हतं. पुराच्या नकाशावर घर नेमकं कुठे येतं ते करार करण्याआधी दाखवलंच पाहिजे, हा नियम जपानात २८ ऑगस्ट २०२० पासून लागू झाला.

रात्री आप्पांना फोन केला. तिकडे ते अजून भिंती वाळायची वाट बघत होते. नकाशा त्यांना सांगितला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "नदी कुठल्या अंगाला?" मग, "पाणी आलं तर जायचं कुठं? मिरजेसारखं काही आहे का तिथं?" आणि शेवटी जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "कागदावर नको बघू. लेकीला घेऊन स्टेशनपासून चालत जा. गुडघ्याला चढ कळतो. चढ लागला तर घे, उतार लागला तर सोड."

नवऱ्याचं म्हणणं, मग मिताकाच घेऊ. पठारावर आहे, प्रश्नच मिटला. माझं मन होईना. वहिनींच्या घरात अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं मला मिताकात कोण सांगणार होतं? पाणी चढलं तर ते कळायला, कुठल्या शाळेत जायचं ते विचारायला, भोंग्यावर जपानीत काय सांगतायत ते समजून घ्यायला माणूस लागतं. सांगलीत ऑगस्टमध्ये आप्पांना पहाटे दारावर थाप मारून शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. आम्ही तीन दिवस यावर भांडलो. भांडण खरं होतं, कारण दोघांचंही बरोबर होतं.

तोवर १९ नंबरचं वादळ निघालं. १२ ऑक्टोबर, शनिवार. रेल्वेनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं की गाड्या बंद राहतील. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात पाव आणि पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. आम्ही न्हाणीघरातला टब पाण्यानं भरून ठेवला. शनिवारी सकाळीच एदोगावानं वॉर्डाच्या पश्चिम भागाला, म्हणजे निशिकासाईसकट, घर सोडण्याची सूचना दिली; ती चार लाखांहून जास्त लोकांसाठी होती. वहिनींचा मेसेज आला : "आम्ही शाळेत आलोय, वरच्या मजल्यावर. काळजी नको." दिवसभर फोन पुन्हा पुन्हा एकदम भोंग्यासारखा वाजायचा आणि लेक दचकायची. मी आराकावाची पातळी दर तासाला बघत होते, आप्पा सांगलीत बसून आयर्विनची बघतात तशी. रात्री ती सात मीटरच्या वर गेली. तिकडे आप्पा जागे, इकडे मी जागी.

बांध टिकले. रविवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं. आम्ही तिघं आराकावाच्या बांधावर गेलो. बेसबॉलची मैदानं पाण्याखाली होती, जाळ्यांचे वरचे टोक तेवढे दिसत होते, आणि त्या चिखलाचा वास आला. तोच वास. मी लेकीचा हात धरून बांधाच्या दुसऱ्या बाजूला वळले आणि खाली पाहिलं : घरांची छपरं, आणि नदी त्यांच्यापेक्षा वर. आमच्या पसंतीचं पहिल्या मजल्याचं घर त्यातच कुठेतरी होतं.

त्याच दिवशी बातम्यांत मुसाशी-कोसुगी दिसलं. नदी फुटली नव्हती, पण पाणी गटारांतून उलटं येऊन रस्त्यांवर साचलं, एका मनोऱ्याच्या तळघरात शिरलं आणि तिथली वीजयंत्रणा बुडाली. सत्तेचाळीस मजली इमारत. दिवे नाहीत, लिफ्ट नाही, संडासाला पाणी नाही, आणि हे किती तरी दिवस. माझं देवघर जिथे ठरलं होतं त्याच भागात. उंच मजला घेतला की प्रश्न सुटला असं नसतं, इमारतीचा जीव कुठे ठेवलाय तेही विचारावं लागतं.

सोमवारी सुटी होती. वहिनी म्हणाल्या, "एक जागा दाखवते, चालत चला." निशिकासाई स्टेशनच्या दक्षिणेला निघालो. दहा-बारा मिनिटं सपाट रस्ता. मग झाडांची एक लांब पट्टी, जुना समुद्रकाठ तिथे होता. ती ओलांडताना लेक मधेच म्हणाली, "आई, इथे वर जायचंय." मी थांबलेच. पलीकडे सेइशिनचो. समुद्रात भर घालून तयार केलेली जमीन, आणि ती घालतानाच उंच घातलेली. वहिनींच्या नकाशावर सगळीकडे गडद रंग पसरले होते आणि खाली दक्षिणेला समुद्राच्या कडेला हा भाग वेगळा, फिकट राहिला होता. मी नकाशा पाहिला तेव्हा माझे डोळे फक्त आमच्या पत्त्यावर होते, हे मला दिसलंच नव्हतं.

तिथे यूआर नावाच्या सरकारी संस्थेच्या वसाहती आहेत, १९८० च्या दशकातल्या, म्हणजे नव्या नियमांनंतरच्या. यूआरला रेइकिन नाही, एजंटची फी नाही, जामीनदार नाही, करार नवा करायचे पैसे नाहीत. फक्त दोन महिन्यांची अनामत आणि पगार भाड्याच्या ठरावीक पटीत असल्याचा पुरावा. मुख्य म्हणजे तिथे कुणी मालकाला फोन लावत नाही. राहण्याचा परवाना नीट असेल तर परदेशी माणसाला घर मिळतं. पहिला येईल त्याला. एवढ्या आठवड्यांत हे आम्हाला कुठल्याही एजंटनं सांगितलं नव्हतं, आणि का नाही तेही उघड आहे, त्याला त्यात फी नव्हती.

मंगळवारी कचेरीत गेलो. करार जपानीत, ते समजणारं कुणी सोबत हवं, म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातली एक सहकारी अर्धी सुटी टाकून आली. तीन घरं मोकळी होती. किल्ली देतात, आपणच जाऊन बघायचं. सातव्या मजल्यावरचं घर उघडलं तर आत काहीच नाही. छताला दिवासुद्धा नाही, शेगडी नाही, एसी नाही, नुसत्या भिंती आणि तातामीचा गवताचा वास. बाल्कनीतून दूरवर कासाई रिनकाई बागेतलं मोठं चक्र दिसत होतं. नवऱ्यानं विचारलं, "चालेल?" मी विचारलं, "वीजयंत्रणा कुठे आहे, ते आधी विचार."

निशिकासाईच्या घराचा अर्ज मागे घेतला. कंपनीकडून आठवडा वाढवून मिळाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत आम्ही राहायला आलो. चौदा दिवसांत वॉर्ड कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो, तो नोंदवायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी इतर कागदांबरोबर तोच नकाशा माझ्या हातात दिला.

ही जागा सगळ्या दृष्टीनं सुरक्षित आहे, असं मी कुणाला सांगत नाही. भराव घातलेली जमीन भूकंपात भिजल्या वाळूसारखी होते. मार्च २०११ मध्ये शेजारच्या उरायासूत रस्ते उसवले, नळ आणि गटारं बंद पडली, आणि आमच्या वसाहतीतल्या जुन्या बाई सांगतात की इथेही काही ठिकाणी जमिनीतून वाळू-पाणी वर आलं होतं. आम्ही हे माहीत असूनच आलो. पुराला दोन दिवस आधी सूचना मिळते, भूकंपाला नाही. पण सातव्या मजल्यावर, नव्या नियमांच्या इमारतीत, दाराशी पिशवी तयार ठेवून आपण राहू शकतो, असं दोघांनी मिळून ठरवलं. पिशवीत पाणी, बॅटरी, कागदपत्रं, रेडिओ, लेकीचे कपडे आणि दोन डबे चिवडा. दर सहा महिन्यांनी चिवडा बदलते.

लेक वॉर्डाच्या शाळेत गेली, पत्त्यावरूनच शाळा ठरते. मांसाचे पदार्थ असतील त्या दिवशी घरून डबा. खुर्चीच्या पाठीला भूकंपात डोक्यावर घ्यायची जाड टोपी अडकवलेली असते, ती मला शिवून द्यावी लागली. वहिनींकडून माप घेतलं. दुपारी तीनला मी दुकानात, ग्रंथालयात, बागेत असते, आणि कुणी ना कुणी भेटतंच.

जुलै २०२१ मध्ये सांगलीला पुन्हा पाणी आलं. विमानं बंद होती, जाता आलं नाही. आप्पांनी त्या वेळी दोन दिवस आधीच मिरज गाठली.

ते दोघं इकडे आले ते २०२३ च्या वसंतात, साकुरा फुलली होती तेव्हा. विमानतळाहून सामान टॅक्सीनं आणलं, पण दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, मला स्टेशनपासून चालत जायचंय. आई घरी राहिली. आम्ही दोघंच निघालो. ते हळू चालत होते, दुकानांच्या पाट्या बघत, एकदा पोह्यांच्या दुकानाशी थांबले. झाडांच्या पट्टीशी आल्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. ते पुढे गेले, पाच-सहा पावलांनी उजवा गुडघा हातानं दाबला आणि मागे वळून खालच्या रस्त्याकडे पाहिलं.

"हां," म्हणाले. "लागतोय."